माश्या बांधण्याचा उद्योग

मासा आणि माशी ह्या दोन शब्दांत आपल्या मराठी भाषेनें अवघ्या एका अक्षराचें अंतर ठेविलें आहे. व्यवहारांत मात्र ह्या दोन प्राण्यांचा संबंध आमच्यासारख्या गिरगांवकर गृहस्थाला दिसतो तो काय तो बाजारांत. मासळी उघडी राहिली कीं तिच्यावर माशी बसते, एवढें आम्हांस ठाऊक होतें. परंतु माशी दाखवून मासा बोलावितां येतो, आणि ती माशी खरी नसून पीस, धागा व जर ह्यांची हातानें बांधलेली असते, हें ज्ञान आमच्या घरांत अगदीं अलीकडे आलें. रिकामटेकड्या मनुष्याला 'माश्या मारीत बसला आहे' असें म्हणण्याची आपली रीत आहे. माश्या बांधीत बसणाऱ्याला काय म्हणावें, ह्याची तजवीज आपल्या पूर्वजांनीं करून ठेविलेली नाहीं. त्या उद्योगाची हकीकत येथें सादर करण्याचा आमचा विचार आहे.

आमचा पुतण्या शिक्षणानिमित्त अमेरिकेंत गेला आणि मिशिगन राज्यांत पंधरा वर्षें राहिला. तो प्रांत सरोवरांचा. तेथें त्याला 'बास' नांवाचे मासे माशीनें धरण्याचा छंद जडला. तीन वर्षांपूर्वीं आमच्या वडील बंधूंस अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात व वाणी दोन्ही अधू झालीं, तेव्हां हा एकुलता एक मुलगा तेथील नोकरी सोडून घरीं परत आला. सामानांत पुस्तकें थोडीं आणि पिसांनीं भरलेले डबे पुष्कळ! वहिनींनीं त्या डब्यांकडे पाहून कांहींच म्हटलें नाहीं. परंतु रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत मेजाला एक लहानसा चिमटा आवळून, त्यांत गळ धरून, मिशिगनच्या सरोवरांसाठीं माश्या बांधीत बसूं लागला, तेव्हां घरांतील प्रत्येकाच्या मनांत एकच प्रश्न उभा राहिला. ज्या पाण्यावर आतां ह्याला दोरी टाकावयाची नाहीं, त्या पाण्यासाठीं हा माश्या कां बांधतो? ह्याचें मन अजून तिकडेच आहे काय? प्रश्न कोणीं विचारला मात्र नाहीं. एकत्र कुटुंबांत पुष्कळशा प्रश्नांना सर्वजण जपून वळसा घालून जातात, तसेंच ह्याही प्रश्नाचें झालें.

त्याचें काम पाहतां पाहतां आम्हांसही त्या विद्येची गोडी लागली, म्हणून तिचें थोडें निरूपण करतों. साध्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावितात, आणि शिशाच्या वजनावर तो दूर फेंकितात. माशीला फेंकण्याजोगें वजन नसतें. येथें वजन असतें तें दोरीला. लवचिक काठीनें ती दोरी मागेंपुढें झुलवून हवेंत उलगडावयाची, म्हणजे तिच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद जाऊन बसते. ही युक्ति फार जुनी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा ईलियन नांवाचा रोमन ग्रंथकार सांगतो कीं, मॅसिडोनियांतील कोळी गळाभोंवतीं तांबडी लोंकर गुंडाळून तिला कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें बांधीत. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत ह्या साध्या कलेला श्रीमंती चढली. सामन माशासाठीं बांधावयाच्या माश्यांत देशोदेशींचीं पिसें वापरण्याची चढाओढ लागली, आणि १८९५ सालीं जॉर्ज केल्सन ह्यानें त्यावर एक ग्रंथच लिहिला. त्या पिसांपैकीं एकाला 'इंडियन क्रो', म्हणजे हिंदी कावळा, असें नांव होतें. वस्तुतः तो पक्षी दक्षिण अमेरिकेंतला, आणि कावळाही नव्हे!

ह्या कलेला आपल्या देशाचें खरें देणें आहे तें सह्याद्रींतील राखी रानकोंबड्याचें. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचा थेंब गोठावा तसे चकचकीत पिवळसर ठिपके असतात, आणि माशीच्या डोक्याशीं तें पीस लाविलें कीं डोळ्याचा भास होतो. त्या खोट्या डोळ्यांपायीं किती खरे डोळे मिटले असतील, देव जाणे. १९०२ सालीं हिंदुस्थान सरकारनें रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात बंद केली, आणि आतां ह्या पक्ष्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच आहे. तरी पिसांचा जुना हव्यास अजून पुरता गेलेला नाहीं. २००९ सालीं इंग्लंडांतील ट्रिंग येथील संग्रहालयांतून एका तरुणानें दुर्मिळ पक्ष्यांचीं २९९ कातडीं चोरलीं, तीं ह्याच पिसांसाठीं. आमचा पुतण्या काळ्या कोंबडीच्या पिसावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन काम भागवितो. तेवढ्यानें माशाचें समाधान होतें. केल्सनसाहेबांचें कदाचित् झालें नसतें.

शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं 'हा साहेबी छंद तुमच्या घरांत कोठून शिरला?' असें आम्हांस विचारलें. साहेबांनीं आपल्या नद्यांवर गळ टाकून पुस्तकें लिहिलीं हें खरें. हेन्री सलिव्हन टॉमस ह्यांचें 'दि रॉड इन इंडिया' १८७३ सालचें आहे. परंतु त्याच्या साडेसातशें वर्षें आधीं कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा सोमेश्वर ह्यानें 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथांत मत्स्यविनोद म्हणून एक स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. ज्या ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रियांच्या ओव्यांचा उल्लेख सांपडतो, तोच हा ग्रंथ. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचें आमिष, काठी, दोरी आणि गळ ह्यांचा त्यांत विचार आहे, आणि प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा ह्यांनीं १९५१ सालीं त्यावर निबंध लिहिला. त्यांत पिसांची माशी नाहीं. पण कोणत्या माशाला काय आवडतें हें आधीं जाणावें आणि मग गळ टाकावा, ही दृष्टि तीच आहे. शेजारचे गृहस्थ संस्कृताचे अभिमानी असल्यामुळें त्यांची तक्रार तेथेंच मिटली.

आतां थंडीच्या माशीविषयीं. 'बास' हें एका माशाचें नांव नव्हे. इंग्रजी भाषेनें तें अनेक कुळांना वांटलें आहे. अमेरिकेंतील काळा बास गोड्या पाण्यांतला. १८८१ सालीं डॉ. हेन्शॉल ह्यांनीं त्याच्यावर मोठा ग्रंथ लिहून त्याची बाजू मांडली. आपल्याकडील बास म्हणजे आपला जिताडा. बंगाली त्याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियन लोक बॅरामंडी म्हणतात. अमेरिकन बासाशीं त्याचें नातें दूरचें. स्वभाव मात्र मिळताजुळता. आडोशाला दबा धरून बसावें, आणि भक्ष्य टप्प्यांत आलें कीं एका झडपेसरशीं गिळावें, असा दोघांचा खाक्या.

माशाच्या अंगांत स्वतःची ऊब नसते. पाणी जितकें गार, तितकें त्याचें रक्त गार. थंडी पडली कीं त्याचें पचन मंदावतें, भूक उतरते, आणि भक्ष्यामागें धांवणें त्याला परवडत नाहीं. मिशिगनमध्यें सरोवरें गोठावयाच्या बेतांत आलीं कीं बास खोल जातो. पाणी चार अंश सेंटिग्रेडला सर्वांत जड असतें, म्हणून वर बर्फ जमला तरी तळाशीं तेवढी तरी ऊब टिकून राहते. उन्हाळ्यांत जो मासा पाण्याबाहेर उसळी घेऊन मोठी भडक माशी गिळतो, तोच हिंवाळ्यांत तीच माशी नाकासमोरून गेली तरी हालत नाहीं. अशा वेळीं माशी निवडावयाची ती चार गोष्टी पाहून. ती लहान असावी, कारण मंदावलेल्या भुकेला मोठा घांस नको असतो. तिचा रंग मातकट, तपकिरी किंवा फिका असावा. तिला एवढें वजन असावें कीं, ती मासा असेल त्या खोलीपर्यंत उतरेल. आणि ती ज्याची बांधावयाची तें पीस अतिशय मऊ असावें. टर्कीची लव ह्या कामीं उत्तम, कारण माशी जागच्या जागीं थांबली तरी लवेचे तंतू पाण्यांत हालत राहतात. दोरी ओढावयाची ती वीतभर, आणि मग थांबावयाचें. पुतण्या म्हणतो कीं, हिंवाळ्यांत मासा येतो तो बहुधा थांबलेल्या माशीवर.

वजनाची युक्ति सांगण्यासारखी आहे. पेनसिल्व्हेनियांत सस्क्वेहाना नदीवर बास धरणारे बॉब क्लाउजर ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत एक माशी बसविली, ती पुढें जगभर गेली. गळाच्या मानेवर धातूच्या दोन गोळ्या डोळ्यांसारख्या बांधावयाच्या. त्यांच्या वजनानें माशी उलटी होते, गळाचें टोंक वर राहतें व तळच्या दगडांत अडकत नाहीं. आणि दोरी सैल सोडतांच ती डोकें खालीं करून बुडूं लागते, जणूं जखमी मासोळीच. मूळ माशींत हरणाच्या शेपटीचे केस असतात. आमच्या घरीं बोकडाचे केस वापरतात.

इतर सामानासाठीं मुंबईसारखें दुसरें शहर नाहीं, असें आमचें मत झालें आहे. भुलेश्वरच्या गल्ल्यांत चपटा बादला मिळतो. त्याचे दोन तंतू लाविले कीं माशीच्या कुशीवर खवल्यांची चमक येते. मणी तेथलेच. मोरपिसाचे तंतू घरांत होतेच. कोंबड्याचीं पिसें क्रॉफर्ड मार्केटांत मिळतात. शेवटची गांठ पक्की राहावी म्हणून तिच्यावर लाखेसारखा थेंब द्यावा लागतो. त्याकरितां नखांना लावावयाची बिनरंगी बाटली घरांतील एका सुनेच्या कपाटांतून नाहींशी झाली. तिचा तपास लागला, पण बाटली परत मिळाली नाहीं.

धाग्याची गोष्ट मात्र निराळी. आमचे बंधू माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्यें शिकलेले, परळच्या एका गिरणींत साळखात्याचे मास्तर होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर त्यांच्या गिरणीचा भोंगा पूर्वीसारखा वाजलाच नाहीं. त्यानंतर त्यांनीं दुसरीं कामें केलीं, पण कापड हातांत आलें कीं अजून त्यांची बोटें आधीं सूत पाहतात. झटका आल्यापासून ते खुर्चींत बसून असत. एखादा शब्द मोठ्या प्रयासानें येई. तो बहुधा चुकीचा येई, आणि तो चुकला हें कळून ते मान फिरवीत. एके रात्रीं पुतण्याच्या हातून माशीचें डोकें कांहीं केल्या नीट बसेना. धाग्याच्या वेढ्यांचा गोळा होई. तो वैतागून उठणार इतक्यांत बंधूंनीं डावा हात पुढें केला. रीळ लोंबकळतें ठेवून त्यांनीं तें बोटांनीं उलट्या दिशेनें फिरविलें, आणि स्पष्टपणें म्हणाले, "पीळ. पीळ काढ."

धाग्याला पीळ असला कीं तो गोल राहतो आणि वेढ्यावर वेढा चढतो. पीळ काढला कीं तो फितीसारखा चपटा होतो व वेढे एकमेकांशेजारीं निजतात. शिवाय गळाभोंवतीं दिलेल्या प्रत्येक वेढ्यागणिक धाग्याला नवा पीळ चढत असतो. ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत आहे म्हणे; पण आमच्या घरांत ती साळखात्यांतून आली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या, त्या तेथेंच खालीं बसल्या. त्या रात्रीपासून बापलेक मेजाशीं शेजारीं बसूं लागले. बंधू डाव्या हातानें धागा ताणून धरतात, मुलगा पीस बसवितो. बोलणें थोडें, पण 'सैल', 'घट्ट', 'पुरे' हे शब्द आतां बंधूंच्या तोंडून न चुकतां येतात. आणि ह्याच सुमारास पुतण्यानें मिशिगनच्या माश्यांचा डबा तेथील एका मित्राकडे टपालानें पाठवून दिला व आम्हांस विचारलें, "काका, आपल्या जिताड्याला थंडींत काय चालतें?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तें अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या काकूंपाशीं होतें. आम्ही सारस्वत, मासे आमच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या खातात, आणि सोमवार-गुरुवार व श्रावण सोडला तर काकूंच्या हातून मासळी साफ झाली नाहीं असा आठवडा गेलेला नाहीं. त्या म्हणाल्या, "पाऊस सरल्यावरच्या जिताड्याच्या पोटांत बोयी सांपडते. पौष-माघांत बारीक कोळंबी. अंगठ्याच्या पेराएवढी, त्याहून मोठी नाहीं." पुतण्यानें कागद-पेन्सिल घेऊन तें लिहून घेतलें. लहान, फिकी आणि तळाशीं रांगणारी: मिशिगनच्या थंडीनें शिकविलेली माशी आणि काकूंची कोळंबी ह्यांत फारसें अंतर नव्हतें. बोकडाचे फिके केस, टर्कीची लव, मोरपिसाचे दोन तंतू मिशांसाठीं, बादल्याची एक रेघ आणि दोन मणी, अशी कोळंबी तयार झाली. काकूंनीं ती चष्मा लावून पाहिली, आणि "पाय थोडे आंखूड कर" अशी सूचना केली.

परंतु हे मासे धरून पुन्हां पाण्यांत सोडावयाचे, हें कळल्याबरोबर त्यांचा चेहरा पालटला. "खायचा नाहीं, तर धरायचा कशाला?" त्या म्हणाल्या. पुतण्यानें समजाविलें, "आजी, गळाचा उलटा कांटा मी चिमट्यानें दाबून टाकतों. माशाला फारशी इजा होत नाहीं." त्यावर काकू म्हणाल्या, "अरे, तुझ्या गालांत दाभण घालून मी तुला अंगणांतून ओढलें आणि मग म्हटलें, जा बाळा, तर तूं मला नमस्कार करशील काय? पोटासाठीं मारलें तर त्याचा दोष आहे तो आहे. रोज देवापुढें तो मी सांगते. खेळासाठीं दुखवलें तर काय सांगणार?"

ह्या प्रश्नावर घरांत चार दिवस चर्चा झाली. एक पक्ष म्हणे, सोडलेला मासा जगतो, खाल्लेला जगत नाहीं; तेव्हां सोडणाराच दयाळू. दुसरा पक्ष काकूंचा. शास्त्राचें मत पाहूं गेलों, तर २००३ सालीं ब्रिटनमध्यें लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ट्राउट माशाच्या तोंडाभोंवतीं इजेची जाणीव पोंचविणारे मज्जातंतू दाखवून दिले आहेत. जर्मनींत तर केवळ सोडून देण्याच्या हेतूनें मासा धरणें कायद्याला मान्य नाहीं. काकूंनीं जर्मन कायदा वाचलेला नाहीं; पण त्यांचा निकाल तोच होता. दुसऱ्या पक्षाच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जगांत पुष्कळ ठिकाणीं नद्यांतील मासे राखले गेले, त्यांत मासा सोडून देणाऱ्या छांदिष्टांचा हात मोठा आहे. ज्या पाण्यावर मनुष्याचें मन बसतें, त्या पाण्याची तो राखण करतो. आम्हांस दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. पण ज्या घरांत राहावयाचें, त्या घरांतील सर्वांत वडील माणसाच्या मनाला टोंचेल अशी गोष्ट दिवाणखान्यांत बसून करणें बरें नव्हे, हें पुतण्यालाच प्रथम पटलें. त्यानें पांचव्या दिवशीं पक्कड घेतली आणि बांधलेल्या सहाही माश्यांच्या गळांचीं टोंकें बांकापाशीं तोडून टाकलीं. परदेशांतही कांहीं जण असें करतात असें तो म्हणाला. मासा येतो, माशी तोंडांत धरतो, क्षणभर विचार करतो आणि थुंकून टाकतो. मासा धरणाऱ्याला मिळावयाचें तें तेवढ्या क्षणांत मिळतें.

गेल्या जानेवारींतील एका बुधवारीं आम्ही दोघे भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें रेवसला उतरलों. अलिबाग-पेणच्या खारेपाटांत घराजवळच्या तळ्यांत जिताडा वाढविण्याची रीत आहे, आणि तेथील एका स्नेह्यांचें असें तळें आहे. आमच्या मुंबईची थंडी ती काय! सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंशांवर उतरला होता, त्याची आठवण जुनीं माणसें अजून काढतात. समुद्र तर ऐन थंडींतही इंग्लंडच्या उन्हाळ्यांतील समुद्राहून उबदार. परंतु जिताडा हा उष्ण पाण्यांतला मासा. पाणी वीस अंशांच्या आसपास आलें कीं त्याची भूक पडूं लागते, आणि उथळ तळें उत्तरेच्या वाऱ्यांत रात्रभर निवतें. म्हणून सकाळची घाई न करतां पुतण्यानें अकरा वाजेपर्यंत ऊन तापूं दिलें. मग दोरी उलगडली. माशी तळ्याच्या खोल भागांत उतरली. वीतभर ओढ, मग थांबणें; वीतभर ओढ, मग थांबणें. दीड तास कांहीं नाहीं. नंतर थांबलेली दोरी कोणीं बोटानें स्पर्श करावी इतकीच हालली, ताणली, पाण्याखालीं एक रुपेरी कूस वळली, आणि दोरी सैल झाली. दुपारीं दोन वाजतां पुन्हां एकदां तसेंच. एवढेंच.

यजमानांना आमची कींव आली असावी. त्यांनीं जाळें टाकून एक जिताडा काढला व काकूंसाठीं बांधून दिला. घरीं पोंचलों तेव्हां बंधू जागे होते. त्यांनीं मुलाकडे पाहून विचारलें, "आला?"

"आला, बाबा. दोनदां आला."

"मग?"

"थुंकून टाकली."

बंधू हंसले. झटक्यानंतर आम्हीं त्यांना मोठ्यानें हंसतांना प्रथमच पाहिलें. आंत काकूंनीं जिताडा चिरावयास घेतला होता. त्यांनीं पुतण्याला हांक मारली आणि विळीवरून हात न काढतां मानेनें खूण केली. माशाच्या पोटांत अंगठ्याच्या पेराएवढ्या तीन कोळंब्या होत्या.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं एखादा तरुण असाच कांहीं तरी निरुपयोगी दिसणारा उद्योग करीत बसत असेल, त्यांनीं थोडा धीर धरून त्याच्या मेजाशीं जाऊन बसावें, एवढीच आमची विनंति आहे. माशी बांधणें म्हणजे समोरच्याला ह्या वेळीं, ह्या ऋतूंत, किती आणि काय झेंपेल ह्याचा विचार करणें होय. आणि त्या विचाराची गरज तळ्याच्या कांठींच पडते असें नाहीं. आमच्या येथें ऊन वाढूं लागलें आहे. चैत्रांत पाणी तापेल, जिताडा वर येईल आणि त्याला मोठी, झगझगीत माशी चालेल. त्याकरितां भुलेश्वरांतून आणावयाच्या रिळांची यादी बंधूंनीं डाव्या हातानें लिहून दिली आहे. अक्षर वांकडें आहे, पण प्रत्येक धाग्याचा नंबर बरोबर आहे.